बोळे मॅडम आणि खदानीचा तळ

सुमित्रा बोळे मॅडमनी आयुष्यात एकाच माणसावर सूड उगवला, आणि तो भौतिकशास्त्रानं उगवला. लोक मला विचारतात, इतकी शिकलेली बाई अशी कशी वागली? मी म्हणतो, शिकलेली होती म्हणूनच तिला वागता आलं. तुम्हाआम्हाला नुसत्या शिव्या देता आल्या असत्या. माझी बाजू आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज नको. मला त्या सुडाचं अजिबात वाईट वाटत नाही.

मी दिगंबर. अकोल्याच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये चोवीस वर्षं परिचर होतो. कपाटं उघडायची, तारा जोडायच्या, लोलक टांगायचे, पोरांनी फोडलेल्या काचा झाडायच्या. बोळे मॅडम लॅबच्या प्रमुख. बारीक चणीच्या, काळ्यासावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, पायात पुरुषी सँडल. घर पातूर रोडवरच्या एका खेड्यात. माळ्याचं घर, पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाल्याचं. मॅडम स्कूटीवरून कॉलेजात यायच्या तेव्हा पायाशी मेथीच्या जुड्या नाहीतर वांग्याची पिशवी असायची. आधी ती आईपाशी बाजारात उतरवायची, मग प्राध्यापक व्हायचं. हाताला मातीचा वास घेऊन त्या फळ्यावर समीकरणं लिहायच्या. नव्या मास्तरीणबाया नाक मुरडायच्या, पण समीकरण अडलं की त्यांच्याकडेच यायच्या.

त्यांना एक खोड होती. कुठलीही वस्तू दिसली की तिच्यावर बोटाचं पेर वाजवायचं आणि कान द्यायचा. टरबुजावर, माठावर, भिंतीवर. एकदा प्राचार्यांच्या नव्या टेबलावर दोन टिचक्या मारून म्हणाल्या, “सागवान म्हणून घेतलं का सर? आतून भुसा आहे.” प्राचार्य महिनाभर बोलले नाहीत. मॅडमना त्याचा पत्ताही नव्हता.

वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलायच्या. राग आला की थेट वऱ्हाडी. पोरांना हे माहीत होतं. मॅडम “आपण” म्हणत असल्या तोवर मागच्या बाकावर चुळबुळ चालायची, आणि “काहून रे” ऐकू आलं की सगळे सरळ बसायचे. त्यांचा सगळा राग एका गोष्टीवर, खोट्या रीडिंगवर. प्रयोगाच्या वहीत चुकलेला आकडा आला तर तो खोडायचा नाही, वर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. कुणी ब्लेडनं खरवडला की वही खिडकीतून बाहेर जायची.

आता इथे माझं पाप सांगतो. आमच्याकडच्या सगळ्या लॅबमध्ये एक रीत आहे, कुणी कबूल करत नाही इतकंच. परीक्षेच्या दिवशी पोराचं रीडिंग जुळत नसलं की तो परिचराकडे केविलवाणा बघतो, आणि परिचर भिंग पुसता पुसता हळूच ‘बरोबर’ आकडा सांगतो. मला सगळ्या प्रयोगांचे बरोबर आकडे तोंडपाठ होते. त्यात मी काही वाईट करतोय असं मला कधी वाटलंच नाही. पोरं पास व्हायची, मला चहा मिळायचा, आणि मॅडम तेवढ्या वेळेपुरत्या दुसऱ्या टेबलावर असायच्या.

मॅडमचं लग्न झालं नाही. त्यांचा जीव एकाच माणसात, धाकटा भाऊ संजू. बाप लवकर गेला, मॅडमनी शिकवण्या करून त्याला मोठा केला. तो शिकला नाही, पण वावर असं करायचा की लोक बघायला यायचे. सुपारीच्या खांडालाही न शिवणारा माणूस. त्या वर्षी उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं, मोटारीचा फुटव्हॉल्व्ह उघडा पडला, म्हणून तो दुपारी विहिरीत उतरला. उतरताना वर उभ्या असलेल्या आईला म्हणाला, “माय, पाण्याले गोड गोड वास येऊन राहिला.” पाच मिनिटांत तो पायरीवरून खाली पडला. शेजारचा माणूस काढायला उतरला, तोही अर्ध्यातून गरगरत वर आला. संजूला दोर लावून काढला तेव्हा सगळं संपलं होतं.

त्याच्या अंगाला तोच गोड, झिंग आणणारा वास होता. तेवढ्यावरून आलेल्या पोलिसानं कागद तयार केला. मयत दारूच्या नशेत पाय घसरून विहिरीत पडला. संपलं. कुणाला तपासायची गरज वाटली नाही. आठवड्याच्या बाजारात मॅडमची आई भाजी घेऊन बसली, तर एक गिऱ्हाईक दुसरीला सांगत होतं, “हे नाई का, जिचा पोरगा पिऊन मेला.” म्हातारी त्या दिवशी भाजी तशीच टाकून घरी आली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, मग मॅडमचं काय झालं असेल.

तेरवी झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्या लॅबमध्ये आल्या. डोळे कोरडे होते.

“दिगंबरभाऊ, तुमाले पोहता येते का?”

“येते मॅडम.”

“मंग रविवारी माह्यासोबत चाला. मले तो कागद बदलाचा आहे. अन् ज्यानं माह्या संजूले मारलं त्याले मी सोडत नसते.”

ज्यानं मारलं तो कोण, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मॅडमच्या वावराच्या वरच्या अंगाला जुनी मुरमाची खदान आहे. खणून सोडून दिलेली, पाण्यानं भरलेली, चाळीस चाळीस फूट खोल. कारखान्यांतलं वापरून झालेलं द्रावण नेऊन नीट विल्हेवाट लावायचा ठेका मोतीशेठकडे होता. पांढरे कपडे, बोटभर जाड गोफ, गणपतीत सगळ्यात मोठा मंडप त्याचा. त्याचे टँकर भर दुपारी खदानीकडे जाताना दिसायचे आणि येताना धडधडत, रिकामे यायचे. विल्हेवाट ती हीच.

मॅडमनी अर्ज केला. प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसातून एक माणूस आला, खदानीच्या काठावर उकिडवा बसला, वरच्या वर बाटली बुचकळून भरली आणि गेला. पाणी स्वच्छ असल्याचा रिपोर्ट आला. काठावरच्या त्या माणसाला चहा मोतीशेठच्या गाडीतून आला होता, हे मी स्वतः पाहिलं.

रिपोर्ट आला त्या दिवशी मॅडमनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं. काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि चमच्यानं काकवी सोडली. काकवी सरळ तळाला जाऊन बसली, वर पाणी नितळ.

“हे टँकरचं औषध असंच आहे. पाण्याहून जड. वरून हजार बाटल्या भरा, काहीच सापडणार नाही. तळाशी जाऊन बसलं आहे अन् तिथून झिरपून आमच्या विहिरीत येते, तिथं त्याची वाफ कोंडते.”

“मग तळ कसा पाहायचा?”

“पाहाचा कायले? ऐकाचा.”

पाण्यात टिक असा आवाज सोडायचा. तो तळावर आपटून परत येतो. किती वेळानं आला त्यावरून खोली कळते. मग त्याच जागी दोरीला वजन बांधून सोडायचं आणि खोली हातानं मोजायची. तळाशी नुसता गाळ असेल तर वजन गाळात रुततं, दोरी जास्त दाखवते. पण तळाशी ते जड द्रावण साचलेलं असेल तर गोष्ट उलटी होते. त्याच्यातून आवाज पाण्यापेक्षा सावकाश चालतो. परतायला उशीर होतो, आणि मशीनला वाटतं तळ आणखी खाली आहे. मशीन दोरीपेक्षा जास्त दाखवेल तिथे समजायचं, खाली पाणी नाही, दुसरं काही आहे.

ते यंत्र मॅडमनी स्वतः जुळवलं. धरणावर मासे शोधायला वापरतात तसला एक जुना डबा कुठून तरी आणला, त्याला लॅबमधला बाद झालेला ऑसिलोस्कोप, म्हणजे आवाजाची रेघ दाखवणारा पडदा, जोडला, ट्रॅक्टरची बॅटरी लावली. ट्रकच्या चार ट्यूबांवर फळ्या बांधून तराफा केला. दर रविवारी सकाळी आम्ही खदानीवर. मॅडम मशीनपाशी, डोळे त्या हिरव्या रेघेवर. मशीनचा आकडा त्या मोठ्यानं सांगायच्या, दोरी मी सोडायचो, दोन्ही आकडे वहीत मी लिहायचो. दर पाच पावलांवर एक जागा. उन्हानं डोकं तापायचं, पण बाई छत्री घ्यायची नाही.

मोतीशेठ एकदा गाडी घेऊन आला. काठावर उभा राहून म्हणाला, “मॅडम, मासे लागले का? भाऊ पिऊन पडला, आता तुमी काहून पाण्यात उतरून राहिल्या?”

मॅडमनी वर पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, “दोरी सोडा.”  मी मनात त्या शेठच्या सात पिढ्या उद्धरल्या.

अकरा रविवार गेले. अख्खी खदान मोजून झाली. काहीच नाही. दोन्ही आकडे सगळीकडे जुळलेले, कुठे थोडा गाळ. मॅडम खंगत चालल्या. वर्गात वऱ्हाडी बोलणंही बंद झालं, सगळं ‘आपण, आपण’. पोरं घाबरली.

एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर ती वही उघडी होती.

“दिगंबरभाऊ, मी तीस वर्षं रीडिंग घेऊन राहिली. खरी रीडिंग इतकी गुणाची कधीच नसतात. एखादं तरी वाकडं येते. उगवतीच्या कोपऱ्यात चाळीस जागा आहेत अन् चाळीसही जागी दोन्ही आकडे सारखे. हे कसं?”

 मी सांगितलं. त्या कोपऱ्यात मशीन दर वेळी दोरीपेक्षा जास्त दाखवत होतं, कधी बोटभर, कधी वीतभर. मॅडम आकडा सांगून पुढच्या जागेकडे वळायच्या, मी दोरी ओढून मोजेपर्यंत त्यांचं लक्ष नसायचं. मला वाटलं, जुनं मशीन, बॅटरी उतरली असेल. दोरी तर खरी, माझ्या हातातली. मग मी मशीनचा आकडाही दोरीसारखाच लिहिला. जुळवून टाकला. चोवीस वर्षं पोरांचे जुळवत आलो तसाच. ज्या एका फरकासाठी आम्ही तीन महिने उन्हात मरत होतो, तोच फरक मी स्वतःच्या हातानं पुसत होतो. का मोजतोय हे माहीत असून पुसत होतो. हाताला वळणच तसं पडलं होतं.

मॅडमनी वही मिटली. मला वाटलं वही फेकतील, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“त्या पोलिसानं संजूले एकदा पुरलं,” त्या म्हणाल्या. “तुमी दुसऱ्यांदा पुरलं. अन् तुमी तर त्याच्या घरी जेवले होते.”

मी आठ दिवस रजेवर गेलो. घरात जेवण जाईना. बायकोनं विचारलं तर सांगता येईना. नवव्या दिवशी सकाळी दाराशी स्कूटीचा हॉर्न वाजला. मॅडम उभ्या होत्या, पायाशी वांग्याच्या पिशवीऐवजी ट्रॅक्टरची बॅटरी.

“चाला. पुन्हा मोजाचं आहे. मशीनवर तुमी बसा, लिहीन मी.”

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, पुढेही कधी नाही. मी विचारलंही नाही.

उगवतीचा कोपरा आम्ही पुन्हा मोजला. काठाकडे बोटभर फरक, आत वीत, मधोमध दीड वीत. मॅडमनी नकाशा काढला, फरकाच्या जागा जोडल्या, तर तळाशी साचलेल्या द्रावणाचं एक अख्खं डबकंच कागदावर उमटलं. त्याची एक शेपटी थेट त्यांच्या विहिरीकडे गेलेली होती. त्या शेपटीवर बोट ठेवून मॅडम पहिल्यांदा रडल्या. आवाज न करता, पदर तोंडात धरून. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

मग त्यांनी जे केलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. नकाशाच्या प्रती तहसील, पोलीस, प्रदूषणवाले, सगळीकडे दिल्या. ठरलेल्या दिवशी साहेब लोक आले, पुन्हा काठावर उकिडवे बसायला लागले. मॅडम म्हणाल्या, “तिथं नाई साहेब. इथं बसा.” आणि तराफा दाखवला. साहेबाचा चेहरा उतरला. पण काठावर अख्खं गाव जमलं होतं आणि निम्म्यांचे मोबाईल चालू होते. साहेब बसला, दोन्ही हातांनी फळी धरून. मॅडमनी दोरीला बुचाची बाटली आणि वजन बांधलं, बाटली तळाला टेकवली आणि मग वेगळ्या दोऱ्यानं बूच ओढलं. वर आली तेव्हा बाटलीत दोन थर होते. वरती बोटभर पाणी, खाली काकवीसारखं बसलेलं, पण रंग नसलेलं. साहेब वास घ्यायला वाकला तर मॅडमनी त्याची कॉलर धरून मागे ओढला. “माह्या भावानं घेतला तेवढा पुरे.”

त्यानंतर चक्र फिरलं. टँकरवाले फुटले, मोतीशेठला अटक झाली, तो जामिनावर सुटला, केस उभी राहिली. खदानीला कुंपण पडलं, मॅडमची विहीर बंद झाली. आणि एक दिवस तो कागद बदलला. विषारी वायूमुळे गुदमरून मृत्यू. मॅडमनी तो आईसमोर तीन वेळा वाचला. म्हातारी म्हणाली, “हे मले नोको सांगू. मले ठाऊकच होतं. बाजारात सांग.”

हे वाक्य मॅडमनी लक्षात ठेवलं. आणि शेठ स्वतःच्या पायांनी चालत आला.

खदानीच्या खालच्या अंगाला त्याचा मळा आहे, बंगला आहे, विहीर आहे. तिथे त्याचा मुलगा, सून आणि चार वर्षांची नात राहतात. पेपरात तो नकाशा छापून आल्यापासून शेठची झोप उडाली होती. तो लॅबच्या दाराशी आला तेव्हा मी काच पुसत होतो. गोफ नव्हता, दाढी वाढलेली.

“मॅडम, माही विहीर मोजून द्या. नात तेच पाणी पेते.”

“बाटली भरून तपासून घ्या ना,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या ओळखीचे लोक आहेत.”

 त्या बाटल्या कशा भरतात हे शेठइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

“मोजते,” मॅडम म्हणाल्या. “आधी माह्या माईजवळ चाला.”

आठवड्याचा बाजार, दुपारची ऐन गर्दी. म्हातारी पोत्यावर भाजी मांडून बसलेली. शेठ तिच्यासमोर उभा राहिला आणि पुटपुटला. मॅडम म्हणाल्या, “मोठ्यानं. मागच्या रांगेले ऐकू आलं पाहिजे.” तेव्हा मोतीशेठ भर बाजारात मोठ्यानं म्हणाला, संजू पीत नव्हता, तो माह्या टँकरच्या औषधानं मेला. आजूबाजूचे तराजू थांबले. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं, मेथीची जुडी उचलली आणि पुढच्या बाईला विचारलं, “किती देऊ?” मला त्या क्षणी नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेठच्या विहिरीवर गेलो. मॅडमनी शब्द पाळला. मशीन सोडलं, दोरी सोडली, सात जागी मोजलं. बुचाची बाटली तळापर्यंत नेऊन भरली, ती नंतर तपासूनही घेतली. शेठ कठड्याला धरून उभा होता, आमच्या तोंडाकडे बघत. मी मशीनवर, मॅडम वहीवर. तितक्यात नात विहिरीचं पाणी येणाऱ्या अंगणातल्या नळाला लोटा लावून पाणी प्यायला लागली. शेठ धावला आणि लोटा तिच्या हातून हिसकावून फेकला. पोर भोकाड पसरून रडायला लागली. मॅडम ते बघत होत्या. घाई न करता, शेवटपर्यंत.

मग त्यांनी वायर गुंडाळली, वही मिटली आणि स्कूटीवर बसल्या.

“मॅडम, काय आलं?” शेठ मागे आला. “मॅडम, बोला ना काही. हात जोडतो.”

मॅडमनी स्कूटी चालू केली. मी मशीन मांडीवर धरून मागे बसलो. तो फाटकापर्यंत आमच्यासोबत पळत आला, पांढऱ्या धोतरात पाय अडकत, आणि मग थांबला. त्या विहिरीत काहीही नव्हतं. सातही जागी दोरी आणि मशीन एकच सांगत होते, आणि पुढे बाटलीचा रिपोर्टही तसाच आला. पाणी देवाला वाहावं इतकं स्वच्छ.

डांबरी रस्त्याला लागल्यावर मी म्हणालो, “मॅडम, लहान पोर आहे घरात. सांगून टाकायचं का?”

“पोरीले काही होत नाई. पाणी चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “भेव त्यालेच आहे. संजू उतरला तवा त्याले कोणी सांगतलं होतं?”

त्यानंतर त्या निवृत्त होऊन अमरावतीला बहिणीकडे गेल्या, माझी भेट झाली नाही. शेठ मला कधीकधी बसस्टँडवर गाठतो. केस अजून चालूच आहे, तो वाकलाय, त्याच्या बंगल्यात अजून पिण्याचं पाणी बाहेरून येतं. तो विचारतो, “भाऊ, त्या दिवशी काय आलं होतं?”

मी म्हणतो, “मॅडमले विचारा.”